ओंबीवरचा मावा, पानावरचा मावा आणि गव्हाचे खरे नुकसान

सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: दोन एकर गहू, वाण निफाड 34, पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. पीक आता साठ दिवसांचे आहे, ओंब्या निसवायला लागल्यात. खालची पाने पिवळी पडलीत. वरच्या पानांवर आणि काही ओंब्यांवर हिरवट-काळपट बारीक किडे दिसतात. बांधाला मका आहे, शेजारच्या ज्वारीवर चिकटा पडलाय. दुकानदाराने दोन कीटकनाशके आणि एक टॉनिक एकाच पंपात मिसळून मारायला सांगितलंय. हा मावाच आहे का, नुकसान किती होईल आणि फवारायचं का?

दादा, किडे मावाच असणार. पण खालची पिवळी पाने त्याच्या नावावर लगेच लिहू नका. आपल्याकडे गहू पिवळा दिसला आणि चार किडे सापडले की निदान झालं असं समजतात. मग फवारणी होते, किडे मरतात, पाने मात्र पिवळीच राहतात, आणि औषधच भेसळीचं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. त्यामुळे आधी पिवळेपणाचं पाहू.

साठ दिवसांच्या गव्हात अगदी खालची दोन पाने पिवळी पडून सुकणं बऱ्याचदा नैसर्गिक असतं. झाड त्यातलं नत्र काढून वरच्या पानांना आणि ओंबीला देतं, शिवाय दाट पिकात खाली ऊन पोचत नाही. पिवळेपणा टोकाकडून सुरू होऊन मधल्या शिरेने खाली उतरत असेल, तर नत्राची कमतरता किंवा पाणी साचून मुळं गुदमरणं, यापैकी एक धरा. नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता. मधूनच एखादं झाड वाळलंय आणि उपटलं की अलगद हातात येतं, तर मुळाशी वाळवी पाहा. ओंबी पांढरी पडलीय आणि ओढल्यावर दांडी तुटून येते, बुडाशी कुरतडल्याची खूण आहे, तर तो खोडकिडा. पानावर नारिंगी ठिपके आहेत आणि बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागते, तर तांबेरा. त्यावर कीटकनाशकाचा उपयोग शून्य.

आता मावा. आकार जेमतेम दोन मिलिमीटर, अंग मऊ, नासपतीच्या आकाराचं, आणि पोटाच्या शेवटी वर निघालेल्या दोन बारीक नळ्या. या नळ्या दिसल्या की शंका संपते, कारण गव्हावरच्या दुसऱ्या कुठल्याही रसशोषक किडीला त्या नसतात. तुडतुडा हात लागताच तिरपा पळतो किंवा उडी मारतो. फुलकिडा निमुळता, मिलिमीटरभर लांब, आणि तो पान खरवडून पांढुरके चट्टे पाडतो. मावा मात्र सोंड खुपसून एका जागी बसलेला असतो, धक्का दिला तरी सावकाश हलतो. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा. नसेल तर मोबाईलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा, नळ्या स्पष्ट दिसतात.

किडे दिसण्याआधीच्याही खुणा असतात. पानावर पांढरी, कोंड्यासारखी बारीक टरफलं पडलेली दिसतात. ती माव्याची कात. पिल्लू चार वेळा कात टाकून मोठं होतं, त्यामुळे कात भरपूर आणि जिवंत मावा थोडा असेल, तर त्याचा भर ओसरला किंवा तो तिथून हलला असं समजा. उलट किडे भरपूर, त्यात लहान पिल्लं जास्त आणि कात कमी असेल, तर वाढ आत्ता सुरू झालीय. दुसरी खूण म्हणजे पानाची चकाकी. सकाळचं दव उडून गेल्यावर, दहाच्या सुमारास पान दोन बोटांत धरा. बोटं चिकटली तर वर कुठेतरी मावा आहे. आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू असेल तर त्यांच्यामागे नजर न्या, त्या तुम्हाला थेट माव्याच्या वसाहतीपर्यंत नेतात. चिकट गोड पाण्यासाठीच त्या येतात, आणि त्याच्या बदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकावूनही लावतात.

गव्हावरचा मावा एकाच जातीचा नसतो, आणि नुकसानीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्या भागात दोन जाती प्रामुख्याने भेटतात. पहिला पानांवरचा, निळसर-हिरवा, पाय आणि नळ्या काळ्या, नळ्यांच्या बुडाशी जांभळट छटा. शास्त्रीय नाव ऱ्होपॅलोसिफम मेडिस. याचं आवडतं घर म्हणजे मका, ज्वारी, बार्ली. मक्याच्या पोंग्यात आणि तुऱ्यावर काळपट थर दिसतो तो हाच. गव्हात तो शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात आणि पोटरीच्या, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याआधी जिथे दडलेली असते त्या फुगीर भागाच्या, आवरणात घुसून बसतो. तुमच्या बांधाला मका आहे, तेव्हा पानांवरचे हिरवट-काळपट किडे हेच असण्याची शक्यता दाट आहे. मका पक्व होऊन वाळायला लागला की पंखवाले मावे उठून शेजारच्या हिरव्या पिकात उतरतात. म्हणून मक्याच्या बाजूच्या पाच-सात ओळी आधी तपासा.

दुसरा ओंबीवरचा, सिटोबियन. अंगाने थोडा मोठा, पिवळसर हिरव्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत कोणत्याही रंगाचा, पण नळ्या लांब आणि काळ्याभोर. मिशाही लांब. एकाच ओंबीवर हिरवे आणि तांबूस मावे शेजारी-शेजारी दिसले तर दोन किडी आल्या असं समजू नका, एकाच जातीत हे रंग असतात. हा मावा ओंबी निसवली की वर चढतो आणि कुसळांच्या बुडाशी, दाण्याच्या तुसाला चिकटून बसतो. लांबून काही कळत नाही. ओंबी हातात धरून कुसळं बाजूला सारावी लागतात.

आणखी दोन प्रकार माहीत असावेत. एक फिकट हिरवा, पाठीवरून गडद हिरवी रेघ गेलेला, शिझॅफिस ग्रॅमिनम. याच्या लाळेतच विषारी द्रव्य असतं, त्यामुळे जिथे सोंड खुपसली तिथे पानावर पिवळा डाग पडून मधला भाग तपकिरी होतो. संख्या थोडी असूनही पान जळाल्यासारखं दिसलं तर भिंगाने ही रेघ शोधा. दुसरा मुळावरचा. तो जमिनीखाली असल्यामुळे वरून फक्त पिवळे ठिगळ दिसतं आणि लोक युरिया टाकत राहतात. कोरड्या, भेगाळलेल्या रानात, पीक लहान असताना असं ठिगळ दिसलं तर एक झाड मातीसकट उकरून मुळं पाहावीत. तुमचं पीक त्या टप्प्याच्या पुढे गेलंय.

शेजारच्या ज्वारीतल्या चिकट्याची काळजी करू नका. ज्वारीच्या पानामागे पिवळसर माव्याचा थर असतो ना, तो ऊस आणि ज्वारीवरचा. तो गव्हात येऊन वसाहत करत नाही. ज्वारीच्या पोंग्यात निळसर-हिरवा असेल तर मात्र तो आणि तुमच्या मक्यातला एकच. तसंच मोहरी, कोबीवरचा राखाडी मावा वाऱ्याने गव्हावर येऊन बसला तरी तिथे टिकत नाही. एखाद-दुसरा पंखवाला किडा म्हणजे प्रादुर्भाव नव्हे. पंखवाल्याभोवती पिल्लं जमलेली दिसली, की मगच त्याने तिथे घर केलं असं समजायचं.

हे घर इतक्या लवकर कसं भरतं, ते भिंगाखाली पाहण्यासारखं आहे. आपल्या हवामानात माव्याला नर लागत नाही आणि मादी अंडीही घालत नाही. ती थेट जिवंत पिल्लू टाकते. पिल्लू मागच्या बाजूने बाहेर येतं, थोडा वेळ तसंच लटकतं, मग पाय टेकून दोन-तीन पावलं चालतं आणि लगेच सोंड खुपसतं. जन्मतानाच त्याच्या पोटात पुढची पिढी आकार घेत असते. हवा मानवली की आठ-दहा दिवसांत ते स्वतः पिल्लं टाकू लागतं. म्हणून सोमवारी मोजलेला आकडा पुढच्या सोमवारी कामाचा नसतो.

मानवणारी हवा म्हणजे साधारण वीस अंशांच्या आसपासचं तापमान आणि ढगाळ वातावरण. निफाड-सिन्नरची कडाक्याची थंडी गव्हाच्या फुटव्यांना चांगली आणि माव्याला संथ करणारी. थंडी ओसरून दोन-चार दिवस आभाळ आलं की तो एकदम वाढतो. पुढे फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशीच्या वर जायला लागला की वाढ आपोआप मंदावते. तुमची पेरणी उशिराची आहे, इथेच खरी अडचण आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू माव्याचा भर येईपर्यंत दाणे भरण्याच्या कामात बराच पुढे गेलेला असतो. तुमच्या गव्हाला मावा नेमका निसवताना गाठतोय. पंधरा नोव्हेंबरनंतर पेरणी जितकी लांबेल तितकी दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरा, असं राहुरी कृषी विद्यापीठ सांगत आलंय. ती घट मुख्यतः उष्णतेची. मावा आला तर त्याची भर वेगळी.

मग नुकसान नेमकं कसं होतं? मावा पान कुरतडत नाही, भोक पाडत नाही, म्हणून पाहणाऱ्याला पीक ठीकच वाटतं. त्याची सोंड थेट झाडाच्या अन्नरसाच्या नळीत जाते. या रसात साखर भरपूर आणि माव्याला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं थोडी. ती पुरेशी मिळवायला तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि उरलेली साखर मागून थेंबाथेंबाने टाकून देतो. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पानावर काजळीचा थर बसतो आणि उन्हाचं काम अडतं. ही काजळी ओल्या फडक्याने पुसली की निघते. गव्हाच्या काणी रोगाशी तिची गल्लत करू नका. काणीत ओंबीतल्या दाण्याच्या जागीच काळी भुकटी असते.

त्याच संख्येचा मावा पिकाच्या वेगवेगळ्या टप्प्यावर वेगवेगळं नुकसान करतो. फुटवे येताना आला तर फुटवे कमी आणि झाड खुरटं, पण पिकाला सावरायला वेळ असतो. कांडी धरताना खालच्या पानांवर थोडाफार असेल तर मी तरी फारसं मनावर घेत नाही. पोटरीपासून चीक भरेपर्यंतचा काळ मात्र जोखमीचा. दाण्यात जाणारं अन्न मुख्यतः शेंड्याचं पान, त्याच्या खालचं पान आणि ओंबी स्वतः तयार करते. पानावरचा मावा कारखान्यावर बसतो, तर ओंबीवरचा मावा थेट दाण्याकडे निघालेल्या मालावर. म्हणून ओंबीवरचे दहा मावे खालच्या पानावरच्या पन्नासांपेक्षा मला जास्त खटकतात.

याचा परिणाम खळ्यावर दिसतो. ओंबी लांब, दाण्यांची संख्या जवळपास तेवढीच, पण दाणा बारीक, सुरकुतलेला, चमक नसलेला. पोती नेहमीएवढी भरतात आणि काट्यावर वजन कमी येतं. हिशोब करून पाहा. हजार दाण्यांचं वजन 42 ग्रॅम यायला हवं होतं आणि 38 ग्रॅम आलं, तर घट साडेनऊ टक्के. एकरी 14 क्विंटल निघणार असतील तर सव्वा क्विंटलहून जास्त गेलं. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता. त्या दराने एकरी तीन हजारांवर फटका. शिवाय बाजारात दाण्याची चमक गेली की भाव पाडून मागतात ते निराळंच. हे सगळं मावा ओंबीवर दाट बसून दोन-तीन आठवडे राहिला तर. तुरळक असेल तर असा फटका बसत नाही.

मावा बार्लीच्या पिवळ्या खुजेपणाचा विषाणूही पसरवतो. त्यात पान टोकाकडून पिवळं होत जातं आणि झाडं ठिगळाठिगळाने बुटकी राहतात. त्यावर औषध नाही. पण तुमच्या वर्णनात खुरटी ठिगळं नाहीत, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

आता मोजणी. शेताच्या कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा आणि तिरपे चालत पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी न निवडता दहा फुटवे धरा. शेंड्याचं पान, त्याच्या खालचं पान, पोटरीचं आवरण आणि ओंबी तपासा. पन्नास फुटव्यांवर मिळून पाचशे मावे झाले तर सरासरी दहा. फुटव्याला दहा ते पंधरा ही फवारणीची मर्यादा समजतात. ओंब्या बाहेर पडल्यावर मी इतकी वाट पाहत नाही. पंजाब कृषी विद्यापीठ ओंबीला पाच मावे झाले की हालचाल करायला सांगतं, आणि तुमच्यासारख्या उशिराच्या गव्हाला तोच आकडा धरावा असं माझं मत. बांधाकडची मोजणी वेगळी लिहा. बऱ्याचदा मक्याकडच्या पट्ट्यात पंचवीस आणि मध्यभागी दोन असं चित्र असतं. तसं असेल तर फक्त तो पट्टा फवारा, दोन एकर कशाला?

मोजताना आणखी काय दिसतंय तेही लिहा. लाल-नारिंगी, सात ठिपक्यांचे ढालकिडे सगळे ओळखतात, पण त्यांची अळी काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि सुसरीसारखी दिसते. तिलाच कीड समजून लोक फवारतात. ती दिवसाला कितीतरी मावे फस्त करते. सिरफिड माशीची अळी चपटी, हिरवट, पाय नसलेली. माव्यांच्या मधोमध पडून असते. आणि मावा बदामी रंगाचा, टम्म फुगलेला, पानाला घट्ट चिकटलेला दिसला तर तो मेलेला आहे. आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढतेय. पाठीवर गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेली. असे फुगलेले मावे जागोजाग दिसत असतील आणि तुमचा आकडा मर्यादेच्या आसपासच घुटमळत असेल, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. आकडा उतरताना दिसतो. मर्यादेच्या दुप्पट असेल तर मात्र थांबू नका, मित्रकीटक तेवढ्या वेगाने पुरे पडत नाहीत.

दुकानदाराच्या मिश्रणाचं सांगतो. दोन कीटकनाशकांची गरज नाही. त्यातलं एक जर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं असेल, तर मावा पडेल, पण ढालकिडेही जातील, आणि पोटरीच्या आवरणात वाचलेल्या माव्याला रान मोकळं. दोन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा त्याच दुकानात. मर्यादा ओलांडली असेल तर थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी एकटं पुरतं: दहा लिटर पाण्याला 1 ग्रॅम, हेक्टरी सुमारे 500 लिटर पाणी. म्हणजे तुमच्या दोन एकराला साधारण 400 लिटर पाणी आणि 40 ग्रॅम औषध. डब्यावर गव्हाचं नाव आणि प्रमाण छापलेलं आहे का ते स्वतः वाचा. हे आंतरप्रवाही आहे, आवरणाच्या आत बसलेल्यालाही पोचतं. प्रमाण वाढवून फायदा काही नाही. आकडा अजून मर्यादेखाली असेल आणि हवा ढगाळ असेल, तर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी संध्याकाळी फवारता येते. कोरड्या कडक उन्हात ती काम करत नाही. टॉनिकने मावा जात नाही, आणि या टप्प्यावर युरियाचा जादा हप्ता तर मुळीच नको. कोवळं, हिरवंगार, नत्राने फुगलेलं पान माव्याला सगळ्यात जास्त आवडतं.

फवारणी वारा पडल्यावर, शक्यतो संध्याकाळी करा. तुमच्या पट्ट्यात कांद्याचं बी धरलेले प्लॉट पुष्कळ असतात. शेजारी डेंगळे (कांद्याचे फुलदांडे) फुलले असतील तर हे औषध मधमाश्यांना घातक आहे, आणि माश्या गेल्या तर त्या शेतकऱ्याचं बी भरणार नाही. त्याला आदल्या दिवशी कल्पना द्या, आणि त्याच्या बाजूच्या ओळी शक्य तर सोडून द्या. फवारल्यावर काढणीपर्यंत 21 दिवस जाऊ द्यायचे. यात लोक एक गोष्ट विसरतात: फवारलेल्या रानातल्या हिरव्या ओंब्या त्या काळात भाजून खायच्या नाहीत, पोरांनाही सांगून ठेवा, आणि बांधाकडचा हिरवा गहू कापून जनावरांपुढे टाकायचा नाही.

पाण्याची पाळी चुकवू नका. फुलोरा आणि चीक भरण्याच्या वेळी तहानलेल्या पिकाला त्याच माव्याचा जास्त फटका बसतो. पाणी वारा नसताना आणि बेताचं द्या, नाहीतर ओंब्यांच्या भाराने गहू लोळेल.

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी त्याच पाच ठिकाणी पुन्हा मोजा. मेलेला मावा काही दिवस पानाला चिकटूनच राहतो, त्यामुळे काडीने हलवून पाहा; हलला नाही आणि काळपट, सुकलेला असेल तर मेलेला धरा. त्यानंतर आठवड्याने एकदा मोजलं तरी पुरे. दाणा नखाने दाबल्यावर चीक न येता पिठाळ लागायला लागला की मोजणी थांबवा. त्यानंतर ओंबीवर मावा दिसला तरी दाण्याचं वजन ठरून गेलेलं असतं, आणि फवारणीचा खर्च निघत नाही. तुमच्या मोजणीचे आकडे, बांधाकडचे आणि मधले वेगवेगळे, कळवा. एका ओंबीचा जवळून काढलेला फोटोही पाठवा, म्हणजे पट्टाच फवारायचा की सगळं रान, ते नक्की सांगता येईल.